डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि औषधाची पेटी

डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे नाव आमच्या मंडळ्यांतील बहुतेक वाचकांच्या कानांवरून गेलेले आहे. सिंहाने त्यांचा दंड फोडिला, त्यांनी झांबेझी नदीचा प्रचंड धबधबा पाहिला, आणि शेवटी गुडघे टेकलेल्या स्थितीत त्यांचे प्राण गेले, इतके शब्बाथशाळेतील मुलेही सांगतात. परंतु ज्या हिवतापाशी त्यांची तीस वर्षे गाठ होती, त्याविषयी व त्यावरील औषधाविषयी या गोष्टींत फारसे काही येत नाही. आज आम्ही त्यांचे चरित्र त्याच बाजूने सांगू इच्छितो. औषध जगात असणे ही एक गोष्ट आणि ते आजाऱ्याच्या हाती पडणे ही दुसरी, हे त्यांच्या आयुष्यात वारंवार दिसून येते. आणि ज्या गावापासून दवाखाना दहा मैलांवर आहे तेथील वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर या गावी झाला. घर म्हणजे गिरणीच्या चाळीतील एकच खोली. दहाव्या वर्षी ते सुताच्या गिरणीत कामास लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे सांधावयाचे, आणि यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून येताजाता एकेक वाक्य वाचावयाचे, असा त्यांचा क्रम होता. पहिल्या आठवड्याच्या पगारातून त्यांनी लॅटिन व्याकरण विकत घेतले. पुढे १८३६ पासून ग्लासगो येथे त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. वैद्य होऊन चीन देशात सुवार्तेसाठी जावे हा त्यांचा मानस होता. पण तेव्हा अफूचे युद्ध पेटल्याने ती वाट बंद झाली, व लंडन मिशनरी सोसायटीने त्यांस दक्षिण आफ्रिकेस पाठविले. नोव्हेंबर १८४० मध्ये वैद्यकीची सनद व पाळकपदाची दीक्षा ही दोन्ही त्यांस मिळाली आणि डिसेंबरात ते जहाजावर चढले. कुरुमान येथील वृद्ध मिशनरी रॉबर्ट मोफट यांची कन्या मेरी हिच्याशी १८४५ साली त्यांचा विवाह झाला.

येथे थोडे आडवळण घेणे प्राप्त आहे. ज्यास आपल्याकडे कोयनेल म्हणत ते क्विनीन हे दक्षिण अमेरिकेतील डोंगरांवर वाढणाऱ्या सिंकोना झाडाच्या सालीतून निघते. ही साल सतराव्या शतकात जेझुइट लोकांनी युरोपात आणिली, आणि केवळ त्यांच्या हातून आली एवढ्याचसाठी पुष्कळ प्रॉटेस्टंट लोक तिच्याकडे संशयाने पाहत. आमच्या पूर्वजांचा हा हट्ट किती जणांस भोवला असेल कोण जाणे! पुढे १८२० साली पॅरिस येथील पेलेतिये व काव्हाँतू या दोघा औषधशास्त्रज्ञांनी सालीतून क्विनीन वेगळे काढिले, तेव्हापासून त्याचे माप नेमके घेता येऊ लागले. तरीही आफ्रिकेत गेलेले अनेक वैद्य तापकऱ्याचे रक्त काढीत व कोयनेल अगदी बेताने देत. १८५४ साली डॉ. विल्यम बेकी यांनी नायजर नदीवरील प्रवासात आपल्या माणसांस ते नियमाने दिले, आणि एकही मनुष्य तापाने न दगावता ते परत आले. म्हणून कोयनेलाचा उपयोग लिव्हिंग्स्टन यांनीच शोधिला असे जे कधी कधी ऐकू येते ते बरोबर नाही. त्यांचे काम निराळे होते.

ते काम १८५० साली सुरू झाले. त्या वर्षी ते बायकोमुलांसह एन्गामी सरोवराकडे गेले असता त्यांची दोन मुले तापाने पडली. बापाने पोटच्या मुलांवरच पहिला प्रयोग केला. जलाप, रेवाचिनी, कॅलोमेल नावाची पाऱ्याची भुकटी आणि कोयनेल ही एकत्र करून, वेलदोड्याच्या अर्कात मळून, त्यांनी गोळ्या वळल्या. आधी कोठा साफ व्हावा आणि मग कानांत गुणगुण होईपर्यंत कोयनेल देत राहावे, अशी त्यांची रीत होती. मुले वाचली. पुढे या गोळ्यांस त्यांच्या माणसांनी गमतीचे नाव दिले, त्याचा अर्थ झोपलेल्यास उठवून बसविणाऱ्या असा होतो. आजच्या वैद्यास यातील रेचक व पारा मान्य होणार नाही. गुण होता तो कोयनेलाचा. पण त्या काळी चिमूटभर कोयनेल देणाऱ्यांच्या मानाने ते पुरेसे देत, आणि वेळ न दवडता देत. आपली ही कृती त्यांनी गुप्त ठेविली नाही. १८६५ साली छापलेल्या ग्रंथात ती सर्वांसाठी दिली आहे. जेथे डासांचे थवे असतात तेथे हा ताप असतो, हेही त्यांनी लिहून ठेविले होते. मात्र दोहोंचा संबंध काय हे त्यांस कळले नाही. दलदलीतील वाईट हवेने ताप येतो असेच ते शेवटपर्यंत मानीत. डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दाखविण्याचे काम डॉ. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे केले, तेव्हा लिव्हिंग्स्टन यांस जाऊन चोवीस वर्षे झाली होती.

१८५२ साली त्यांनी बायकोमुलांस इंग्लंडास पाठविले आणि स्वतः उत्तरेस माकोलोलो लोकांकडे गेले. हे लोक मूळचे दक्षिणेकडील निरोगी उंच प्रदेशातले. शत्रूच्या धाकाने त्यांनी चोबे नदीकाठच्या दलदलीचा आश्रय घेतला होता. आजच्या नामिबिया व बोट्स्वाना यांच्या सीमेजवळील लिन्यांटी हे त्यांचे मुख्य गाव. तेथे भाल्यापासून संरक्षण मिळाले, पण तापाने त्यांची संख्या वर्षानुवर्षे घटत चालली होती. त्यांचा तरुण राजा सेकेलेटू याने लिव्हिंग्स्टन यांचा मोठा आदर केला. १८५३ मध्ये तेथे त्यांस स्वतःस ताप आला, तेव्हा या लोकांजवळ काही चांगला उपाय असल्यास शिकून घ्यावा म्हणून त्यांनी राजाच्या वैद्यास आपल्यावर उपचार करू दिले. त्या वैद्याने मुळ्यांचा काढा उकळून कांबळ्याखाली वाफारा दिला, मग खापरात औषधी काटक्या जाळून धुरी दिली. ताप काही उतरला नाही, व आपलाच उपाय लवकर लागू पडतो असे त्यांनी ठरविले. आम्हांस यात आवडते ते हे की त्यांनी आधी पाहिले आणि मग मत दिले. गावच्या वैद्याचा अपमान होईल असे वागणे ते टाळीत.

लिन्यांटी येथे आपली छपराची मोठी गाडी, तीत पुस्तके व औषधांची पेटी, असे ठेवून नोव्हेंबर १८५३ मध्ये ते सत्तावीस सोबत्यांसह पश्चिम किनाऱ्याकडे निघाले. वाटेत ताप पुनःपुन्हा येई. ३१ मे १८५४ रोजी लुआंडा बंदरात पोहोचले तेव्हा ते हाडांचा सापळा झाले होते. इंग्रजी जहाजांच्या कप्तानांनी त्यांस घरी नेण्याची तयारी दाखविली. पण सत्तावीस माणसांस परत त्यांच्या गावी पोहोचविण्याचे वचन त्यांनी दिले होते, म्हणून ते पुन्हा त्याच तापट रानात शिरले. सप्टेंबर १८५५ मध्ये लिन्यांटीस आले, पाहतात तो गाडीतील एकही वस्तू हललेली नव्हती. पुढे ते पूर्वेकडे गेले, धबधबा पाहून त्यास राणीचे नाव दिले, मे १८५६ मध्ये दुसऱ्या समुद्रास पोहोचले, आणि इंग्लंडात त्यांचा जयजयकार झाला. गाडी मात्र लिन्यांटीतच राहिली.

आता जो प्रसंग सांगावयाचा आहे तो लिव्हिंग्स्टन यांची स्तुती करणाऱ्या पुस्तकांत चार ओळींत आटोपतात. आम्हांस तसे करणे योग्य वाटत नाही.

त्यांची भाषणे ऐकून लंडन मिशनरी सोसायटीने माकोलोलो लोकांत मिशन स्थापण्याचे ठरविले. दलदल सोडून उंच निरोगी प्रदेशात जाण्यास ते लोक तयार होतील, पण लिव्हिंग्स्टन व त्यांची पत्नी त्यांच्यात राहिली तर, अशी त्यांची अट होती. कारण मेरीच्या वडिलांचा माताबेले राजाशी स्नेह असल्यामुळे मग तो हल्ला करणार नाही असा त्यांस भरवसा होता. परंतु लिव्हिंग्स्टन यांनी १८५७ साली सोसायटी सोडली व सरकारच्या वतीने झांबेझीच्या मोहिमेवर गेले. त्यांच्याऐवजी रेव्ह. हॉलोवे हेल्मोर, त्यांची पत्नी व चार मुले, आणि रेव्ह. रॉजर प्राइस, त्यांची पत्नी व तान्हे मूल, अशी नऊ माणसे, आफ्रिकन सोबत्यांसह, १८५९ च्या जुलैत कुरुमानहून बैलगाड्यांतून निघाली. वाटेत पाण्यावाचून त्यांचे फार हाल झाले. फेब्रुवारी १८६० मध्ये, म्हणजे तापाच्या ऐन दिवसांत, ती लिन्यांटीस पोहोचली. लिव्हिंग्स्टन तेथे आपली वाट पाहत असतील अशी त्यांची समजूत होती. ते तेथे नव्हते. राजाने त्यांस उंच प्रदेशात जाऊ दिले नाही.

मार्च व एप्रिल या दोन महिन्यांत प्राइस यांचे तान्हे मूल गेले, हेल्मोर यांची दोन मुले गेली, त्यांची पत्नी गेली, आणि २१ एप्रिल रोजी हेल्मोर स्वतः गेले. सोबतच्या आफ्रिकन बंधूंपैकीही कित्येक गेले. त्यांची नावे फार थोड्यांनी लिहून ठेविली आहेत. प्राइस आजारी पत्नीस व हेल्मोर यांच्या उरलेल्या दोन मुलांस घेऊन परत फिरले, आणि जुलैत वाटेवरच पत्नीस मूठमाती देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. नवांपैकी तिघे उरली.

काही आठवड्यांनी, ऑगस्ट १८६० मध्ये, लिव्हिंग्स्टन झांबेझीच्या वाटेने सेशेके येथे आले व त्यांनी ही वार्ता ऐकिली. सेकेलेटू त्वचारोगाने पीडलेला होता, त्याच्यासाठी औषध आणावे म्हणून ते लिन्यांटीस गेले. तेथे त्यांची गाडी होती तशीच उभी होती. पुस्तके होती, जादूचा कंदील होता, आणि औषधांची पेटीही होती. त्या पेटीपासून हाकेच्या अंतरावर हेल्मोर कुटुंबाच्या कबरी होत्या. तेथे काय ठेविले आहे हे त्या बिचाऱ्यांस कोणी सांगितले नव्हते, आणि गोऱ्या वैद्याच्या गाडीस हात लावावयाचा नाही एवढेच माकोलोलो लोकांस माहीत होते. त्यांनी तिची राखण इमानाने केली. लिव्हिंग्स्टन यांनी स्वतःच हे दुःखाने लिहून ठेविले आहे.

प्राइस यांस राजाने विष घातल्याचा संशय होता. लिव्हिंग्स्टन यांनी ती गोष्ट खरी मानिली नाही; मरणारांची लक्षणे तापाचीच होती, आणि माकोलोलो स्वतःही त्याच तापाने मरत होते, असे त्यांचे म्हणणे होते. ते आम्हांस पटते. परंतु त्यांच्या हातून येथे उणीव राहिली असेही आम्हांस म्हणावे लागते. त्यांनी इंग्लंडात या तापाविषयी तो सहज बरा होणारा आहे अशा रीतीने बोलून लोकांस धीर दिला, आणि ऐकणारांनी वैद्याच्या तोंडचा धीर म्हणजे स्वतः वैद्यच सोबत आहे असे मानिले. पेटीतील औषधाने ती सर्व वाचली असती असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. तरी एका पत्रात दोन ओळी अधिक लिहिल्या गेल्या असत्या तर निदान पेटी उघडली गेली असती. माकोलोलो लोकांचेही पुढे भले झाले नाही. सेकेलेटू १८६३ साली वारला आणि पुढच्या वर्षी त्यांच्या प्रजेने बंड करून त्यांचे राज्य बुडविले; तापाने ते आधीच खिळखिळे झाले होते.

झांबेझीच्या मोहिमेतील इतर गोष्टी आम्ही सोडून देतो. सोबत्यांशी त्यांचे वागणे तेथे नेहमी गोड नव्हते एवढेच सांगतो. पण दोन मृत्यू सांगितले पाहिजेत. बिशप चार्ल्स मॅकेन्झी हे शिरे नदीवर नवे मिशन घेऊन आले होते. जानेवारी १८६२ मध्ये डासांच्या त्रासाने मुक्काम मोडून ते रात्रीच होडीतून पुढे निघाले, तो होडी उलटली आणि सगळे कोयनेल पाण्यात गेले. एका बेटावर औषधावाचून पडून ३१ जानेवारीस त्यांचा अंत झाला. सोबती बर्रप हेही तीन आठवड्यांत गेले. मग एप्रिलमध्ये मेरी लिव्हिंग्स्टन शुपांगा येथे तापाने पडल्या. त्या चार वर्षांच्या वियोगानंतर नुकत्याच पतीकडे आल्या होत्या. येथे औषध होते, आणि ते देणारा वैद्य उशाशी बसला होता. पण वांती थांबेना, व पोटात काही ठरेना. आज अशा रोग्यास सुईने औषध देतात. तेव्हा ती सोय नव्हती. २७ एप्रिल १८६२ रोजी त्यांनी प्राण सोडिला. एका मोठ्या गोरखचिंचेखाली त्यांची कबर आहे.

१८६३ साली सरकारने मोहीम परत बोलाविली. लिव्हिंग्स्टन यांची लेडी न्यासा नावाची एक लहानशी आगबोट होती. ती गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती जाऊ नये म्हणून ते स्वतः सुकाणू धरून झांजिबारहून निघाले आणि जवळजवळ अडीच हजार मैल समुद्र ओलांडून १३ जून १८६४ रोजी मुंबईस आले. बोटीवर चुमा व विकाटानी नावाचे, गुलामगिरीतून सोडविलेले दोन मुलगे होते, त्यांस त्यांनी मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले. पुढील वर्षी ते पुन्हा मुंबईस आले, आणि नाशिकजवळील शरणपूर येथे गेले. अरबांच्या गलबतांतून इंग्रजी आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुले तेथील ख्रिस्ती वसाहतीत वाढत होती. सुतारकाम, लोहारकाम व वाचन शिकत होती. त्यांपैकी नऊ तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेस जाण्यास सिद्ध झाले. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून निघाली. गोदावरीकाठच्या या मुलांचा पुढील कथेत मोठा भाग आहे.

त्यांतील एक बराका. तो अतिशय काळजीवाहू मुलगा असून आपले ओझे कधी नजरेआड करीत नसे. २० जानेवारी १८६७ रोजी रानातून चालत असता त्याच्या ओझ्याची याओ जातीच्या दुसऱ्या एका हमालाशी अदलाबदल झाली. तो हमाल व त्याचा सोबती तोवर अगदी सरळ वागत आले होते. पाऊस कोसळू लागला, तांडा विखुरला, आणि तेवढ्यात ते दोघे झाडीत नाहीसे झाले. पाठलाग केला, पण पावलांचे ठसे पावसाने धुऊन गेले होते. पीठ गेले, भांडी गेली, बंदुकीची दारू गेली, त्यांचे काही नाही. त्या ओझ्यात औषधांची पेटी होती. आता आपणांस मरणाची शिक्षा फर्माविली गेली, मॅकेन्झीसारखीच आपली गत होणार, असे लिव्हिंग्स्टन यांनी त्या दिवशी रोजनिशीत नोंदले. नवल हे की त्याच पानावर त्यांनी चोरांची बाजूही मांडिली आहे. लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसास प्रामाणिकपणा शिकावयाला कोणती शाळा मिळाली असेल, असा त्यांचा भाव आहे. ज्याचा प्राणच कोणी चोरून नेला तो मनुष्य त्याच संध्याकाळी असे लिहितो, याचे आम्हांस मोल वाटते.

त्यानंतर ताप आला म्हणजे तो भोगण्यावाचून इलाज नसे. १८६९ च्या मार्चमध्ये ते मरणोन्मुख अवस्थेत टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी गावी पोहोचले. किनाऱ्यावरून मागविलेले सामान बहुतेक लुटले गेले होते, आणि औषधे तेरा दिवसांच्या वाटेवर उन्यान्येंबे येथे अडकून पडली होती. तेरा दिवस! धडधाकट हमालास ते काही नव्हे. तापकऱ्यास तो समुद्र. १८७१ च्या अखेरीस हेन्री स्टॅन्ली हा वर्तमानपत्राचा बातमीदार उजिजीस आला तेव्हा त्यांस पुरेसे अन्न व औषध मिळाले आणि अंगात पुन्हा बळ आले. स्टॅन्लीने घरी चलण्याविषयी पुष्कळ आग्रह केला. ते गेले नाहीत. त्याने किनाऱ्यावरून नवे हमाल पाठविले, त्यांत नाशिकच्या शाळेतील आणखी काही तरुण होते. जेकब वेनराइट हा त्यांतलाच.

शेवटचा प्रवास बांग्वेउलू सरोवराच्या दलदलीतून झाला. पावसाळा, गुडघाभर पाणी, ताप आणि आमांशातून रक्त. एप्रिल १८७३ च्या शेवटी सोबत्यांनी त्यांस डोलीत घालून आजच्या झांबियातील चिटांबो या नायकाच्या गावी आणिले व एक झोपडी बांधून दिली. ३० तारखेच्या रात्री त्यांनी सुसी नावाच्या जुन्या सेवकास बोलावून औषधांची पेटी मागितली, आणि मेणबत्ती जवळ धरावयास सांगितले. डोळ्यांस नीट दिसत नव्हते. मोठ्या कष्टाने एक औषध निवडून त्यांनी ते जवळ ठेवविले, पेल्यात पाणी ओतावयास लाविले, आणि सुसीस जाण्याची परवानगी दिली. पहाटे पाहावयास आलेल्यांस ते बिछान्याशी गुडघे टेकून, हातांत तोंड धरलेले असे मृत आढळले.

त्यांचे हृदय तेथेच एका झाडाखाली पुरण्यात आले. शरणपुरास वाचावयास शिकलेल्या जेकब वेनराइट याने दफनविधीची उपासना वाचली आणि झाडाच्या खोडावर त्यांचे नाव कोरिले. मग चुमा, सुसी, जेकब व इतर यांनी मिठाने व उन्हाने वाळविलेला तो देह कापडात व सालीत गुंडाळून, कित्येक महिने चालून, फेब्रुवारी १८७४ मध्ये समुद्रकाठी बागामोयो येथे आणिला. वाटेत ते स्वतः तापाने पडले, काही मेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरात दफनविधी झाला. शवपेटीस हात देणाऱ्यांत सरदार, शास्त्रज्ञ व मित्र होते, आणि त्यांत जेकब वेनराइट होता. चुमा व सुसी यांस इंग्लंडास नेण्यात उशीर झाला. ते पोहोचले तेव्हा विधी होऊन गेला होता.